अनुराधा जेवायला बसली

दार खांबेट्यांनीच उघडलं. अंगात बनियन, कपाळावर चष्मा, आणि वाचलेलं पान हरवू नये म्हणून पुस्तकात खुपसलेलं बोट. तीन वर्षांनी बायको दारात उभी होती, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात छत्री. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "जेवलीस का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग हात धुऊन घे. पिठलं आहे."

एवढं बोलून ते बाजूला झाले. मी आत आले, हात धुतले आणि पाटावर बसले. पिठलं चांगलं झालं होतं, याचाही मला राग आला. चार घास पोटात गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे सगळं मला आधीपासून ठाऊक आहे. ते दार, तो प्रश्न, माझं ते "नाही", सगळं. हे मी वाचलं होतं. 'ध्रुवपार', खंड एकसष्ट, शेवटून दुसरं पान.

तेव्हा मी त्यांना अहो म्हणत असे. आता सांगताना खांबेटे म्हणते, तेवढी मोकळीक मी मिळवलेली आहे.

'ध्रुवपार'बद्दल सांगणं टाळता आलं असतं तर टाळलं असतं. ही एक पुस्तकांची माळ होती. दर दोन-तीन महिन्यांनी एक खंड निघायचा, खिशात मावेल एवढा, वर पिवळं मुखपृष्ठ आणि त्यावर उलट्या बरणीसारखं दिसणारं अवकाशयान. लेखकाचं नाव सांगत नाही, त्याला आणखी वाचक मिळायला नकोत. कप्तान अरिंजय नावाचा नायक या ग्रहावरून त्या ग्रहावर हिंडायचा आणि हिरव्या, निळ्या, तीन डोळ्यांच्या शत्रूंना मारायचा. पुढे त्यावर दूरदर्शनसाठी मालिका झाली, मग चित्रकथा झाल्या, मग पुन्हा खंड सुरू झाले. पंचवीस वर्षं हे चाललं होतं. संपायची लक्षणं नव्हती.

या कप्तानाला अनुराधा नावाची बायको होती. खंड एकोणचाळीसमध्ये ती यानातून नाहीशी होते. का, ते लिहिलेलं नाही. कथानकात तिची अडचण होत असावी, याखेरीज मला तरी कारण दिसत नाही. वीसेक खंड कप्तान तिच्याशिवाय मजेत लढाया करतो. एकसष्टाव्या खंडात एकदम दार उघडतं, दारात अनुराधा. कप्तान विचारतो, "जेवलीस का?" ती म्हणते, "नाही." आणि जेवायला बसते. पान उलटलं की शत्रूचा हल्ला. त्यानंतर बाई पुढचे सगळे खंड यानात कॉफी करत राहते.

घरात दुसरं छापील काही येतच नसल्यामुळे हे मी सगळं वाचलेलं होतं.

खांबेटे पाटबंधारे खात्यात आरेखक होते आणि उरलेला सगळा वेळ 'ध्रुवपार वाचक मंडळ, सांगली' याचे चिटणीस होते. असलं मंडळ पुस्तकांचं कौतुक करत असेल, असं कोणालाही वाटेल. कौतुक ही मंडळी कशाचंच करत नसत. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आमच्या घरी त्यांची वार्षिक बैठक भरायची, तिचं नाव निकृष्ट सभा. प्रत्येकाने ध्रुवपारमधला सगळ्यांत भिकार प्रसंग निवडून आणायचा आणि तो भिकार का, हे वकिली थाटात सिद्ध करायचं. सगळ्यांचं एकमत झालं तर तो प्रसंग बाद. बाद म्हणजे तो घडलाच नाही. त्यानंतर मंडळात कोणी त्याचा उल्लेख करायचा नाही, केला तर सगळ्यांना भेळ द्यायची. आमच्या घरी मूलबाळ नव्हतं, सतरंजी पसरायला जागा होती, आणि चहाचिवडा करायला मी होते. म्हणून सभा आमच्याकडे.

खंड एकसष्टमधला तो प्रसंग दर वर्षी सभेपुढे यायचा. आणि दर वर्षी एकाच माणसाचा हात विरोधात वर व्हायचा. तो माणूस आता माझ्यासमोर बसून ताक ओतत होता.

मी परत का आले होते, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी मी बहिणीच्या बाळंतपणासाठी रत्नागिरीला गेले. परत कधी येणार, असं घरून कोणी तरी विचारेल म्हणून थांबले. एकदा फोन आला. गॅसचं कार्ड कुठे ठेवलंय, असं विचारलं. मी सांगितलं, खांबेट्यांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग मीही हट्टाला पेटले. कराडला मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. मी कराडला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे त्यांचं काही अडतही नव्हतं. तिथेच माझी गर्भपिशवी काढली. दवाखान्यात पडल्या पडल्या वाटलं, की आपलं म्हणून एक तरी माणूस असावं. आजारपणात असले विचार येतात.

मी कायमची राहायला आले होते. मनाशी एवढंच ठरवलं होतं, की या माणसाने एकदा विचारायचं, "कुठे होतीस?" तेवढं विचारलं की सगळं सांगून टाकायचं, रडायचं, भांडायचं आणि बॅग माळ्यावर टाकायची. नाही विचारलं, तर बॅग उघडायची नाही. एका माणसाने एका माणसाला विचारायचा साधा प्रश्न होता हा. टपाल वाटणारा पोस्टमनसुद्धा विचारतो.

मी ताट घासून ठेवलं आणि बाहेर येऊन बसले. खांबेटे पुस्तकात शिरले होते. मी वाट पाहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"उद्या सभा आहे," ते म्हणाले.

"हो का?"

"तू आलीस ते बरं झालं."

मी पुढे सरकून बसले.

"चहा गिजरे सर करणार होते. त्यांचा चहा कोणाला आवडत नाही."

त्या रात्री मी आतल्या खोलीत झोपले. बॅग खाटेशेजारी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी जमली. गिजरे सर सगळ्यांत आधी आले. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे अध्यक्ष, आवाज अजून शाळेच्या मैदानावर पोहोचेल असा. "अरे वा, वहिनी आल्या वाटतं," ते म्हणाले. मी गिरणीत दळण ठेवून परत आले असावे, असा एकूण सूर. मागून डॉक्टर उपळेकर आले. दातांचे डॉक्टर, त्यामुळे समोरच्याला बोलू न देण्याची सवय. "वहिनी, चहात आलं जरा सढळ हाताने," एवढीच त्यांनी माझी विचारपूस केली. शेवटी आवटी आला. कापडदुकानाचा मालक, वयाने सगळ्यांत लहान म्हणजे पस्तिशीचा. त्याने निदान वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "वहिनी, चिवड्यात खोबरं घातलंय ना?"

तिघांपैकी एकालाही मी तीन वर्षं कुठे होते, असा प्रश्न पडला नाही. खंड सत्तावन्नमध्ये यानाचा रंग एका पानावर करडा आणि पुढच्या पानावर राखाडी का, यावर हीच माणसं एकदा दिवसभर भांडली होती.

सभा सुरू झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले, कारण चहाचं आधण तिथून दिसत होतं.

आवटीने दूरदर्शनच्या मालिकेतला प्रसंग मांडला. त्यात यानाचं दार म्हणून लोखंडी कपाट उभं केलं होतं. "कपाट तर कपाट," आवटी म्हणाला, "पण त्याला आरसा आहे हो! कप्तान दार उघडतो तेव्हा आरशात कॅमेरावाला दिसतो. तो कान खाजवतोय."

"तो परग्रहवासी असू शकतो," खांबेटे म्हणाले.

"चौकड्याचा शर्ट घातलेला?"

"परग्रहावर चौकडे नसतात हे कशावरून?" गिजरे सरांनी विचारलं, आणि यावर पाऊण तास गेला. शेवटी परग्रहावर चौकडे असू शकतात असं ठरलं आणि प्रसंग बाद होण्यापासून वाचला.

मग गिजरे सरांनी त्यांचा प्रसंग मांडला. शत्रूंचा सम्राट शेवटी कप्तानाचा सख्खा मामा निघतो, तो. सरांचं म्हणणं, मामा साताऱ्याचा असल्याचं आधी एकदा आलेलं आहे, मग तो सम्राट होऊन एवढ्या लांब पोहोचला कधी? उपळेकर म्हणाले, बदली झाली असेल. सर रागावले. आवटी सोडला तर पन्नाशी उलटलेली ही माणसं, घरी बायकामुलं, नोकऱ्या, दवाखाने सांभाळणारी, आणि एका खोट्या मामासाठी यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. मी चहा ओतला. चार कप, चार हात पुढे आले, वर कोणी पाहिलं नाही.

उपळेकरांनी चहा संपवला आणि मांडी बदलली. "आता नेहमीचा आरोपी," ते म्हणाले. "खंड एकसष्ट. या वर्षी बाद झाल्याशिवाय मी उठणार नाही."

मी कपबशा तशाच ठेवून स्टुलावर बसले.

"मंडळी, विचार करा," उपळेकर म्हणाले. "वीस खंड बायको बेपत्ता. वाचक जीव मुठीत धरून बसलाय. ती येते. काय व्हायला हवं? मिठी हवी, अश्रू हवेत, निदान आश्चर्य तरी हवं. आणि हा गडी काय विचारतो? जेवलीस का! खानावळ चालवतोय का हा? लेखकाला प्रसंग लिहायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही. फसवणूक आहे ही."

"बरोबर," आवटी म्हणाला.

"एकदम बरोबर," गिजरे सर म्हणाले. "खांबेटे, आता हट्ट सोडा. हात वर करा."

खांबेट्यांनी हात वर केला नाही. ते उठून उभे राहिले. घरात हा माणूस भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा तोंड उघडत नसे.

"तुम्ही त्याच्या आधीचं पान वाचत नाही, हीच अडचण आहे," ते म्हणाले. "आधीच्या पानावर कप्तान जेवायला बसतो तेव्हा दोन ताटं घेतो. नीट बघा. दोन. खंड चाळीसपासून प्रत्येक वेळी दोन. एकटा माणूस दोन ताटं कशाला घेईल? रोज एक ताट तसंच उचलून ठेवायचं. रोज. आणि मग एक दिवस ती दारात दिसते. आता त्याने विचारायचं काय? का गेलीस, असं? आणि तिने सांगितलं तर? तुझ्यामुळे गेले, असं म्हणाली तर? त्याने हजार शत्रू मारले असतील हो, पण हे ऐकायची त्याची छाती नाही. म्हणून तो जेवणाचं विचारतो. जेवायला बसलेलं माणूस निदान उठून तरी जात नाही."

आवटीने चिवडा चावायचा थांबवला.

काल आल्या आल्या हात धुताना मी ओट्यावर दोन ताटं उपडी घातलेली पाहिली होती. आळशी माणूस, दोन दिवसांची भांडी एकदम घासतो, असं मनात म्हटलं होतं. आता मला रडू आलं. खरंखुरं, नाकातून पाणी येईपर्यंत. आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हा माणूस बोलू शकत होता. सगळं त्याच्यापाशी होतं, शब्दसुद्धा. फक्त ते त्याने माझ्यासमोर न बोलता चिवडा खाणाऱ्या तिघांसमोर बोलायचे ठेवले होते, आणि तेही दुसऱ्याच कोणाच्या नावाने.

तरी मला आशा वाटली, हे खोटं कशाला बोलू? इतकं आत आहे, तर थोडं ओढून काढता येईल, असं वाटलं. मी पदराने नाक पुसलं आणि सतरंजीच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"मला एक मांडायचं आहे," मी म्हटलं.

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. उपळेकर म्हणाले, "वहिनी सभासद आहेत का?"

"नाहीत," आवटी म्हणाला. "पण यजमान आहेत."

"यजमान खांबेटे आहेत. वहिनी यजमानीण."

"यजमानीणबाईंना मताचा नाही, पण बोलण्याचा अधिकार द्यायला हरकत नसावी," गिजरे सरांनी निवाडा दिला. "बोला वहिनी."

मी बोलले.

"कप्तान काय म्हणाला, यावर तुम्ही इतकी वर्षं भांडताय. तो प्रसंग वाईट नाही. वाईट प्रसंग त्याच्या पुढचा आहे. अनुराधा जेवायला बसते, तो. ती कशी बसते हो? ती इतके दिवस होती कुठे? तिने काय खाल्लं, कोणाच्या घरी राहिली, आजारी पडली तर तिच्याजवळ कोण होतं? कप्तानाने विचारलं नाही, लेखकाने लिहिलं नाही, आणि तुम्ही चौघांनी यानाच्या खिळ्याखिळ्यावर वाद घातला, पण ती कुठे होती, हे एकानेही कधी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही." शेवटचं वाक्य मी खांबेट्यांकडे बघून म्हटलं. "दोन ताटं घेतलीत, ठीक आहे. पण ती कुठे होती?"

मी 'घेतलीत' म्हटलं होतं. कप्तानाला कोणी अहोजाहो करत नाही.

खांबेटे माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड किंचित उघडलं. मी इतकी जवळ उभी होते, की त्यांनी हळू विचारलं असतं तरी मला ऐकू आलं असतं.

"खरंच की," ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा फुलला. लग्नात फुलला नव्हता इतका फुलला. "अहो, खरंच की! हा मुद्दाच कोणाच्या डोक्यात आला नाही!"

"वहिनी!" गिजरे सरांनी मांडीवर थाप मारली. "कमाल केलीत."

"खंड चाळीस ते साठ," उपळेकर म्हणाले, "अनुराधाचा उल्लेख किती वेळा? खांबेटे, बोला."

"एकदा," खांबेट्यांनी डोळे मिटून सांगितलं. "खंड चव्वेचाळीस. तिची शाल खुंटीवर आहे एवढंच. बाकी काही नाही. ओळसुद्धा नाही. हे भयंकर आहे. हे आरशातल्या कॅमेरावाल्याहून भयंकर आहे."

"आणि ती आल्यावरही सांगत नाही," आवटी म्हणाला. "परवाच्या खंड त्र्याऐंशीपर्यंत कुठेच नाही."

"कारण कोणी विचारतच नाही!" खांबेटे आनंदाने ओरडले.

मग ते सगळे एकदम बोलू लागले. कपाटातून खंड निघाले, सतरंजीभर पसरले, माझ्या पायांवर दोन आले. कोणी म्हणालं हा लेखकाचा निष्काळजीपणा, कोणी म्हणालं गुन्हा. गिजरे सरांनी ठराव मांडला: खंड एकसष्टमध्ये अनुराधा जेवायला बसते, हा प्रसंग बाद करण्यात यावा. चार हात वर गेले. मंडळाच्या इतिहासात इतक्या झटपट एकमत झालं नव्हतं. चार हातांत सगळ्यांत उंच हात खांबेट्यांचा होता. माझ्याकडे बघून ते मान डोलावत होते. आपल्या बायकोने मैदान मारलं, हा अभिमान त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

मी आत गेले. बॅग भरायची नव्हतीच, नुसती उचलायची होती. छत्री घेतली. दाराशी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला, पट्टा दोनदा काढून घातला. तेव्हा खांबेटे बाहेर आले. हातात खंड चव्वेचाळीस, शालीच्या पानात बोट.

त्यांनी बॅगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"निघालीस?" ते म्हणाले.

"हो."

"आत्ता?"

"तुम्हाला मला काही विचारायचंय का?" मी म्हटलं. यापेक्षा सोपं करून सांगणं मला शक्य नव्हतं.

त्यांनी विचार केला. मनापासून केला, हे मी शपथेवर सांगेन. भुवया आवळल्या, पुस्तकातलं बोट हलवलं. मग त्यांना आठवलं.

"हो," ते म्हणाले. "तुला मंडळाची मानद सभासद करून घ्यायचं म्हणताहेत. चालेल ना? आणि दोन मिनिटं थांब. गिजरे सर आभारप्रदर्शनाला उभे राहिलेत. तुझं नाव घेणार आहेत."

"घेऊ द्या," मी म्हटलं.

आतून कोणीतरी हाक मारली तसे ते वळले. मी जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर गिजरे सरांचा खणखणीत आवाज ऐकू आला, सौभाग्यवती हेमलताताई खांबेटे यांचे हे मंडळ ऋणी आहे. मग टाळ्या झाल्या. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या तरी एकजण वाजवत राहिला होता, आणि तो कोण, हे मला खालच्या पायरीवरूनही ओळखू आलं.